मिस्टर संगीता

आमच्या आसगावात इंग्रजीत एम.ए. झालेला मी एकटाच, त्यामुळे माझं इंग्रजी उत्तम आहे याबद्दल गावात कधीच दुमत झालं नाही. (मत देऊ शकेल असं दुसरं कुणी नव्हतंच.)

एम.ए.नंतर मी बी.एड. केलं, म्हणजे बेकारीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबा धानाच्या बांधीतून घरी आले, हातपाय धुतले आणि खुशीत म्हणाले, "आता दोन-दोन जिल्हे झाले, बाबू! नोकऱ्याबी दुप्पट होईन!" झालं असं, की आधी मला एकाच जिल्ह्यातून नकार यायचा, तो आता दोन जिल्ह्यांतून यायला लागला.

छत्तिसाव्या वर्षी मी वरठीला भाड्याच्या एका खोलीत राहत होतो आणि एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे तास आपले, तत्त्व त्यांचं आणि पगार दिवाळीनंतर बघू. लग्नाला दोनच वर्षं झाली होती (नोकरी नसलेल्या मुलाला मुलगी मिळायला तेवढा वेळ लागतोच). बायको, संगीता, बारावी पास. तिथल्याच एका कॉन्व्हेंटात मदतनीस होती. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे बालवाडीच. फक्त तिला फी असते आणि पोरांच्या गळ्यात टाय असतो. पोरांची नाकं पुसणं, डब्यांची झाकणं उघडून देणं, कुणाला शू झाली की चड्डी बदलणं, हे संगीताचं काम. तिच्याकडे इंग्रजीची जेमतेम तीस-चाळीस वाक्यं होती आणि ती सगळी हुकमाची. सिट डाऊन. कम हिअर. डोन्ट बाईट. फिनिश युवर टिफिन. मी तिच्या इंग्रजीला मनसोक्त हसायचो. (हे वाक्य वाचून लगेच विसरलात तर उपकार होतील.)

अशात विज्याचा फोन आला. विज्या माझा बी.एड.चा मित्र, तीन वर्षांपासून कंबोडियात इंग्रजी शिकवत होता.

"काय करून राहिला बे तेथी वरठीत?" तो म्हणाला. "इकडे ये. गल्लीगल्लीत इंग्रजीची शाळा आहे. डिग्री दाखव अन् खडू उचल!"

"माझ्याजवळ तेवढे पैसे नाहीत, विज्या."

"पैसे कायले लागते बे? वरठीहून रेल्वेनं हावडा, तेथून सर्वात सस्तं विमान. आल्याच्या आठव्या दिवशी नोकरी. मी आहो ना!"

'मी आहो ना' या तीन शब्दांवर आजवर जितकी माणसं बुडाली, तितकी वैनगंगेच्या पुरातही बुडाली नसतील. मी मोटारसायकल विकली, पासपोर्ट काढला आणि आसगावला जाऊन घरी सांगितलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंग्रजायच्या देशात जाऊन राहिला का?"

"नाही बाबा. कंबोडिया."

"तेथी काय पिकते?"

"धान."

बाबांनी बाहेर बांधीकडे बोट केलं. "मंग आपल्या बांधीत काय सफरचंद पिकते का? धानाच्या देशातून धानाच्या देशात कायले जाऊन राहिला तू?"

"बाबा, तिकडे इंग्रजी शिकवायला माणसं पाहिजेत."

"काहून? त्यायले इंग्रजी येत नाही?"

"नाही ना!"

"अन् इंग्रजी नसून त्यायचं पोट भरून राहिलं, अन् तुले इंग्रजी येऊन तुहं पोट नाही भरत. मंग कोणं कोणाले शिकवाले पाहिजे?"

हा प्रश्न एम.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हता. (अजूनही नाही.) तेवढ्यात आईनं तांदूळ निवडता निवडता निकाल देऊन टाकला, "जाऊ द्या त्याले. पण संगीता, याले एकटं सोडू नोको. हा भंडाऱ्याच्या बाजारात हरपते, तेथी तं देशच दुसरा आहे!"

मी कितीतरी मुद्दे मांडले. खर्च दुप्पट होईल, आधी मी स्थिरस्थावर होतो, मग हिला बोलावतो. संगीता म्हणाली, "अजी, तुमाले साधा चहा करता येत नाही. स्थिरस्थावर कसे होसान?" विषय संपला आणि दुसरा पासपोर्ट निघाला.

गावात बातमी पसरली आणि पसरता पसरता वाढली. मी इंग्रजी शिकवायला चाललो होतो, ते पारावर पोचेपर्यंत मी इंग्रजांना शिकवायला चाललो होतो. गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मागे बॅनर: 'आसगावचे भूषण, आंतरराष्ट्रीय प्राध्यापक'. खाली माझा फोटो. तो आधारकार्डावरून घेतल्यामुळे भूषण फरार असल्यासारखं दिसत होतं. मी भाषणात म्हणालो, "मी आसगावचं नाव सातासमुद्रापार नेईन." टाळ्या पडल्या. बाबांनी डोळे पुसले. तिथंच माझे परतीचे दोर कापले गेले. आता नोकरी न घेता परत येणं म्हणजे त्या बॅनरखालून मान खाली घालून जाणं. बॅनर तर बाबांनी घरी नेऊन अंगणात मांडवाला लावला होता!

आता सामानाची गोष्ट. सर्वात सस्तं तिकीट काढलं की त्यात सामान नसतं. माणशी सात किलोची एक हातातली पिशवी, बस्स. त्यातून आईनं चिन्नोर तांदूळ बांधला. मी म्हणालो, "आई, तिकडे तांदूळच पिकतो!" ती म्हणाली, "पिकत असन. त्याले आपल्यासारखा वास थोडीच असन!" मग लाखोळीची डाळ. मग तिखट. मग सत्काराचा नारळ (तो फोडायचा नाही, कारण तो मानाचा). माझा जाडजूड शब्दकोश एकटाच अडीच किलोचा. दोन्ही पिशव्या भरल्या आणि कपडे बाहेर राहिले.

यावर मी शक्कल लढवली. कपडे अंगावर घालायचे! अंगावरचं वजन कोण करतो?

हावडा मेलच्या प्रवासात दीड दिवस काढून (गाडी रडतखडत पोचली) आम्ही कोलकात्याच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा माझ्या अंगावर तीन पँटी, चार शर्ट, लग्नातला कोट आणि वरून सत्काराची शाल होती. कोटाच्या आतल्या एका खिशात तिखट, दुसऱ्यात डाळ. महिना मे. माझे हात अंगाला टेकत नव्हते. मी दोन्ही बाजूंनी पाणी भरलेल्या कावडीसारखा चालत होतो आणि ठिबकतही तसाच होतो. संगीतानं दोन साड्या एकावर एक अशा नेसल्या होत्या, की कुणाला कळलंही नसतं.

तपासणीच्या दारातून मी गेलो आणि यंत्र बोंबललं. परत गेलो, परत बोंबललं. जवानानं मला बाजूला घेतलं.

"ये शॉल क्यों ओढा है?"

"सर, ठंड है," मी म्हणालो. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून त्याच्या बुटावर पडला.

त्यानं शाल काढली. कोट काढला. एक शर्ट काढला, खाली दुसरा. दुसरा काढला, खाली तिसरा. मागची रांग पुढे येऊन बघायला लागली. तीन पँटींचे तीन पट्टे निघाले तेव्हा त्यानं वरिष्ठाला बोलावलं.

"क्या करते हो?"

"सर, इंटरनॅशनल प्रोफेसर!" (बॅनर डोक्यात बसला होता.)

"और ये क्या है?"

"लाल तिखट."

शेवटचा शब्द त्याला मराठीतूनही समजला. तिखट गेलं. पिशवीतला नारळही काढून घेतला, नारळ विमानात हातात नेता येत नाही, हे मला सत्काराच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मी बनियन आणि एका पँटीवर उभा राहून समजावत होतो, "सर, मान का है," आणि पलीकडच्या बाजूला संगीता दोन्ही पिशव्या घेऊन खुर्चीवर बसून माझी वाट पाहत होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

बँकॉकच्या विमानतळावर बाकावर अकरा तास काढून आम्ही नोम पेन्हला उतरलो. व्हिसाच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बसला होता. त्यानं विचारलं, "व्हाय कम?" माझी छाती भरून आली. ज्या क्षणासाठी दोन दशकं व्याकरण घोटलं तो क्षण! मी घसा साफ केला आणि, आपल्या पवित्र भूमीतल्या जिज्ञासू बालकांना या जागतिक भाषेचं ज्ञान प्रदान करण्याच्या हेतूनं माझं इथं आगमन झालेलं आहे, असं एक लांबलचक वाक्य इंग्रजीतून न चुकता म्हटलं. अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारच्याला हाक मारली. मी वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं सावकाश. दोघं मिळून बघत राहिले.

मागून संगीता म्हणाली, "सर. टीचर. इंग्लिश."

"आह, टीचर!" धपाधप शिक्के पडले.

बाहेर येऊन मी विज्याला फोन लावला. तो नागपुरात होता.

"अबे, परवाच आलो! बहिणीचं लगन जुळलं ना. आता इकडंच दुकान टाकतो म्हणतो. पण तू घाबरू नोको, मी आहो ना!"

मग आम्ही एका शेवयांच्या खानावळीच्या वरची खोली घेतली. व्हिसा एक महिन्याचा आणि परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं, कारण ते काढायला आधी नोकरी लागणार होती. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून शाळाशाळांतून फिरायला लागलो. बाजारात एक टायही घेतला. पहिल्या शाळेत म्हणाले, आम्हाला गोरा माणूस पाहिजे. दुसऱ्या शाळेत म्हणाले, गोरा नसला तरी चालेल, पण फोटोत गोरा दिसला पाहिजे. तिसऱ्या शाळेत बाईंनी माझं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "युवर इंग्लिश व्हेरी फास्ट. लाईक ट्रेन." मी खूष झालो. "बट वी नो अंडरस्टँड ट्रेन."

रोज संध्याकाळी बाबांचा फोन. "लागली का नोकरी?"

"सेकंड राउंड चालू आहे, बाबा."

"किती राउंड असते रे? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलेबी एकच असते."

मग मागून कुणीतरी विचारायचं, "प्रोफेसर काय म्हणते?" आणि बाबा फोन न झाकताच सांगायचे, "विद्यापीठात आहे. बहुतेक तेथीचा मोठा साहेब करून राहिले त्याले."

बाविसाव्या दिवशी माझा धीर सुटला. आम्ही नदीकाठी कट्ट्यावर बसलो होतो, कणीस घेतलं होतं, दोघांत एक. मी म्हणालो, "संगीता, मला काही येत नाही. मला वाटलं होतं मला इंग्रजी येतं. तेही येत नाही." माझ्या आयुष्यात मी तिच्यापुढे असा पहिल्यांदाच बोललो होतो.

ती कणीस खात राहिली. मग म्हणाली, "तुमाले येते जी. पण तुम्ही आयकणाऱ्याकडे पायतच नाही. पुस्तकात पायल्यासारखं हवेत पायता." उरलेलं कणीस तिनं माझ्या हातात दिलं. "उद्या त्या गॅरेजच्या वरची शाळा आहे ना, तेथी जाऊ. मीबी येतो. पिशवी धराले."

मोटारींच्या गॅरेजवर तीन खोल्यांची शाळा. मालकीण मॅडम सोखा, बुटक्या, गोल आणि सतत हसतमुख. त्यांना माझी डिग्री आवडली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, उलटी धरून बघितली आणि म्हणाल्या, "ओके. डेमो. के-टू क्लास."

के-टू म्हणजे आठवी-नववी असावी असा माझा अंदाज. मी रात्रभर बसून पूर्ण वर्तमानकाळावर तक्ता तयार केला होता, चार रंगांत. वर्गात शिरलो तर चार-चार वर्षांची वीस पोरं जमिनीवर बसलेली! माघार घ्यायची सोय नव्हती, दारात मॅडम उभ्या होत्या. मी तक्ता उघडला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "व्हॉट इज द प्रेझेंट परफेक्ट टेन्स?"

पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा खालचा ओठ बाहेर आला. तिनं सूर लावला. तिच्या शेजारच्यानं तो उचलला. अर्ध्या मिनिटात वीसच्या वीस पोरं रडत होती. मी आवाज वाढवला, म्हणजे त्यांनीही वाढवला. मी हसून दाखवलं, तर दोन पोरं भिंतीवर चढायला लागली. एकानं माझा टाय धरला आणि लोंबकळला. मी वाकलो, तक्ता खाली पडला, आणि एका शांत, गोंडस बाळानं त्या तक्त्यावर उभं राहून पूर्ण वर्तमानकाळात शू केली. म्हणजे, मी बघेपर्यंत क्रिया पूर्ण झालेली होती आणि तिचा परिणाम अजून शिल्लक होता. याहून नेमकं उदाहरण मला उभ्या आयुष्यात सापडलं नाही.

आणि तेव्हा दारातून आवाज आला. "ए! नो क्राइंग!"

संगीता पिशवी खाली ठेवून आत आली होती. तिनं पदर खोचला, टायवरचं पोर सोडवलं आणि टाळी वाजवली. "लाईन! मेक लाईन! हँड्स अप! हँड्स डाऊन! हँड्स अप! व्हेरी गुड! यू, टॉयलेट? गो! यू, डोन्ट बाईट! सिट डाऊन!" एक तरी पोर तिचं ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. वीसही बसली. रडकी मुलगी तिच्या मांडीवर बसली आणि संगीतानं सवयीनं तिचं नाक पदरानं पुसलं. "नोज," ती म्हणाली. "नोज!" वीस पोरं स्वतःच्या नाकाला हात लावून ओरडली.

मॅडम सोखा उड्या मारत टाळ्या वाजवायला लागल्या. "दिस टीचर! दिस! स्टार्ट टुमॉरो!"

"काय म्हणून राहिली जी थे?" संगीतानं मला विचारलं.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की सांगावं, मॅडम म्हणतात तुझा आवाज फार मोठा आहे, बाहेर बस. भाषांतर माझ्या हातात होतं. पण संगीताच्या मांडीवरचं ते पोर माझ्याकडे असं काही बघत होतं, की मी म्हणालो, "आपल्याले नोकरी भेटली म्हणते."

"आपल्याले?"

"तुले."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग मॅडमकडे. मग मोठ्यानं हसली. "काहीतरीच! मले कोठी इंग्रजी येते!"

मी मॅडमना सांगितलं की माझ्या पत्नीकडे डिग्री नाही. मॅडमनी माझी डिग्री उचलली, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि निकाल दिला, "वन फॅमिली, वन डिग्री. ओके!" अशा रीतीनं मी पाच वर्षं घासून मिळवलेली एम.ए. संगीताच्या फाईलला टाचली गेली आणि तिच्या जोरावर दोघांचा व्हिसाही वाढला.

दुसऱ्या दिवसापासून आमचं आयुष्य सरळ उलटं झालं. संगीता सकाळी सात वाजता पिना लावून तयार. मी भात लावायचो. चहा मला तिथं यायला लागला. दुपारी बाराला मी डबा घेऊन शाळेत जायचो आणि गॅरेजमधले मेकॅनिक मला हात करून ओरडायचे, "हॅलो, मिस्टर संगीता!" पहिल्या आठवड्यात मी त्यांना थांबून समजावलं की माझं नाव प्रमोद आहे. दुसऱ्या आठवड्यात मी हात करायला लागलो.

संध्याकाळी मी संगीताचं इंग्रजी सुधारायला बसायचो. ती निमूट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आपलंच बोलायची. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी मला बोलावून हात जोडले, "मिस्टर, प्लीज, नो टीच टीचर संगीता. शी गुड. यू टीच, शी लाईक ट्रेन." मी बंद केलं. तोवर पोरांचं इंग्रजी भलतंच बहरलं होतं. पडलं की पोरं 'आई गं' म्हणायची. खाऊ नको असला की 'बस झालं'. एक दिवस एका मुलाचे वडील मला रस्त्यात गाठून वही काढून विचारायला लागले, "सर, माय सन आस्क मी एव्हरी डे, काहून? काहून? व्हॉट इंग्लिश, काहून?"

"इट मीन्स व्हाय," मी म्हणालो.

"अमेरिकन?"

"सेंट्रल," मी म्हणालो आणि झपाझप चालायला लागलो.

हे सगळं चाललं होतं आणि आसगावात मी अजून विद्यापीठात होतो. बाबांना मी सांगितलं होतं की मला नोकरी लागली. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण बाबांनी एकदा हट्टच धरला. "शिकवताना दाखव. व्हिडीओवर. सारे येऊन राहिले पाहाले."

"सारे म्हणजे?"

"जास्त नाही. अर्धं गाव."

मी मधल्या सुट्टीचा मुहूर्त धरला. संगीता तेव्हा शेजारच्या खोलीत डबे वाटत असते. ती यायच्या आत पाच मिनिटं फळ्यासमोर उभं राहून उरकायचं. पोरांना बिस्किटं देऊन बसवलं. फोन खिडकीत टेकवला. पडद्यावर बाबा, आई आणि मागे टोप्याच टोप्या.

"गुड आफ्टरनून, क्लास!" मी म्हणालो.

पोरं बिस्किट खात राहिली.

"बोलून नाही राहिले का रे?" बाबांनी विचारलं.

"विचार करतायत, बाबा. उच्च शिक्षण आहे."

"उच्च? पोट्टे तं लहान दिसून राहिले!"

"इकडची माणसंच बुटकी असतात!" असं मी म्हणालो, आणि नेमकी त्याच वेळी उजवीकडच्या एका पोराला शू झाली. त्यानं मोठ्यानं जाहीर केलं, "टॉयलेट!" आणि मी काय करत होतो हे मला कळायच्या आत, रोजच्या सवयीनं मी कोपऱ्यातलं फडकं उचललं, गुडघ्यावर बसलो आणि पुसायला लागलो. हो. गेले चार महिने मी डबा पोचवून झाल्यावर तेच करत होतो. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

आसगावात टोप्या पडद्याजवळ सरकल्या.

"बाबू," बाबांचा आवाज आला, "विद्यापीठात फडकं तुलेच माराव लागते का?"

मी काही बोलायच्या आत दार उघडलं आणि संगीता आत आली. वीस पोरं ताडकन उभी राहिली. "गुड आफ्टरनून, टीचर संगीता!" आणि मग, तिनंच शिकवलेलं, हात जोडून, एका सुरात, "रामराम!"

संगीतानं फोन बघितला. डोक्यावर पदर घेतला. "बाबाजी, रामराम," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी फडकं घेऊन जमिनीवर. तिला सगळं समजलं. तिला वाटलं असतं तर तिनं सावरूनही घेतलं असतं. पण तिला खोटं बोलता येत नाही. ती चाळीसच वाक्यांचं इंग्रजी बोलते, त्यात खोट्याचं एकही नाही.

आसगावात मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे प्राध्यापक कोण आहे?"

मी वाट पाहिली. बाबा काय बोलतील याची मला शाळेत असल्यापासून जेवढी भीती वाटायची तेवढी पुन्हा वाटली. पडद्यावर बाबांचा चेहरा हलेना, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आईनं फोन ओढून घेतला. तिचा फक्त कान दिसत होता. "आवो, माही सून मास्तरीण झाली! पाहा वो पाहा! कशी उभी झाली सारी लेकरं!" आणि मागून बाबांचा हसण्याचा आवाज आला. दम लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "बाबू, खिडकीजवळ थोडं राहिलं. पुसून घे."

त्यानंतर बाबांचा फोन रोज यायचा तो संगीतासाठी. मी विचारलं, बॅनर काढला का? तर म्हणाले, "काढला नाही. फोटो तेवढा बदलला."

अकरा महिन्यांनी आम्ही परतलो. संगीतानं साठवलेल्या पैशातून सामानासकट तिकीट काढलं होतं, त्यामुळे येताना माझ्या अंगावर एकच पँट होती. भंडाऱ्यात एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली होती. तिथं परदेशातल्या अनुभवाचं प्रमाणपत्र जोडलं तर वजन पडेल, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी मॅडम सोखांकडे गेलो. त्या आनंदानं टाईप करायला बसल्या. संगीताच्या प्रमाणपत्रात त्यांनी पूर्ण पान लिहिलं. माझ्या वेळी बराच वेळ बोटं हवेत धरून बसल्या, मग एकच ओळ टाईप केली, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे ठेवला: 'मिस्टर संगीता इज व्हेरी गुड हजबंड.'

मी एम.ए. इंग्रजी. मला राहवलं नाही. खिशातून पेन काढलं आणि 'व्हेरी'च्या आधी एक छोटा 'अ' घातला.

परदेशात जाऊन मी केलेली इंग्रजीची सेवा ती एवढीच.